सुमनबाईंच्या टेपमधला माझा कप्पा

सुमनबाईंच्या घरी सगळ्यात पहिले सावनेरचा प्रकाश आला. बाईंच्या घरची मंडळी बी त्याच्या मागून आली.

सुमनबाई गेल्या. आमच्या कॉलेजच्या लायब्ररियन.

प्रकाश त्यांचा विद्यार्थी, आता स्वतःच आजोबा झाला. मले पायरीवर पाहून म्हणे, "कौसल्याबाई, तुमी त्या स्लाइडमधल्या ना?"

मी लाजली. या वयात.

शहात्तर साल असंल. मी लायब्ररीत झाडूपोछा करत होती. शाळा दुसरीतच सुटली, अक्षर वाचता येत नव्हतं.

पावसाळ्यात कार्डांचा एक कप्पा ओलसर झाला. कोणतं पुस्तक कुठं आहे, ते त्या कार्डांवर राहायचं.
ऊन पडलं तसं मी कार्डं ओवलेली सळई काढली अन् सगळी कार्डं गच्चीवर वाळत घातली. भिवापुरी मिरच्या घालतो तशी.

मग मस्त जमवून भरली. मळकी मागं, साफ समोर.

दोन दिवस पोरांले पुस्तकच सापडंना. हेडक्लार्क म्हणे, "हिले कामावरून काढा."

घरी तीन लेकरं, नवरा अंथरुणावर. 

बाईंनी विचारलं, "काहून वं कौसल्या, असं कसं लावलं?"
"चांगली चांगली समोर दिसावी म्हणून, बाई."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अन् कॅमेरा आणून त्या कप्प्याचा फोटोच काढला.

मग माझ्यासंगं खाली सतरंजीवर बसल्या. एकेक कार्ड, अ पासून. कप्पा लागला तवा मले अक्षरं बी लागली.

पुढं नव्या पोरांले पुस्तक शोधणं शिकवायले बाईंनी स्लाइड अन् टेप बनवली. खिडक्या बंद, भिंतीवर चित्र, टेपमधून बाईंचा आवाज. टेप भरताना वाटीवर चमचा मी वाजवला. तो टिंग वाजला की स्लाइड बदलायची.

पहिलं चित्र बिघडलेल्या कप्प्याचं. दुसरं लावलेल्या कप्प्याचं, बाजूले मी, नव्या बांगड्या घालून.

टेपमधून बाई म्हणायच्या, "क्रम चुकला की पुस्तक असूनही हरवतं. हा कप्पा आमच्या कौसल्यानं लावला."

बिघडवला कोणं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

हेडक्लार्क दर वर्षी मागं उभा राहून पाहे. 

जुनं सामान भंगारात निघालं तवा ती टेप प्रकाशनं घरी नेली म्हणे. मी विचारलं, "वाजते का गा अजून?"
"वाजते, मावशी. तुमचा टिंग बी वाजते."

बाई, सुखानं जा. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं, चुकलं असंल तं हसून घ्या.

तेरवी येत्या शुक्रवारी आहे. प्रकाश अन् त्याच्या वर्गातले सगळे टेप घेऊन येतो म्हणाले.