ओला हात, गार लोखंड

"आधी हात कोरडं करा, मग बोला." चहाचा कप पुढं करतानाही मावशी हेच म्हणायच्या. आळेफाट्याजवळच्या मटार गोठवण्याच्या कारखान्यात तेव्हा मी कारकून होतो. म्हणजे हजेरी मांडायची आणि साहेब बोलले की मान हलवायची. मावशी राजुरीच्या. मटार धुणाऱ्या सात बायकांत सगळ्यांत ठेंगण्या, आवाज मात्र ट्रकच्या हॉर्नचा.

मटार धुऊन झाले की त्याच ओल्या हातांनी थंड खोलीतले लोखंडी ट्रे बाहेर ओढायचे. हात ट्रेला चिकटायचे, सालटी निघायची. बाकीच्या बायका म्हणत, ट्रेला करंट येतोय. साहेबांनी वायरमनकडून दोनदा तपासून घेतलं आणि निकाल दिला, "करंट नाही. नखरे आहेत."

एका दुपारी मावशी थंड खोलीच्या दारातच बसल्या. "हातमोजं येईस्तोवर एक ट्रे निघायचा न्हाई."

साहेब मला म्हणाले, "दाखवा हो यांना, काही होत नाही ते."

मी मान हलवली. नळाखाली हात भिजवला आणि ऐटीत ट्रेवर ठेवला. आता तुम्हाला काय सांगू, तो तिथंच राहिला. मी घाबरून ओढायला लागलो.

"वढू नका भाऊ, कातडं ट्रेला ठिवाल." मावशी कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. हळूहळू ओतत म्हणाल्या, "करंट कसला? लोखंड लई हावरट. हाताची ऊब झटक्यात वढून घेतं. मग हातावरचं पाणी गोठतं, अन् त्योच बरफ तुमाला धरून बसतो. लाकडाला हे जमत न्हाई."

हात सुटला. साहेब दुसरीकडं बघत होते.

संध्याकाळी साहेबांनी मोज्यांची एक जोडी आणली, फक्त मावशींसाठी. मावशींनी ती टेबलावर परत ठेवली. "बाया सात हायेत, साहेब."

"घे, नाहीतर घरी जा."

"जाते की."

त्यांच्यामागं सहाही जणी गेल्या. दोन दिवसांत पोत्यातला मटार तापून पिवळा पडला. तिसऱ्या सकाळी सात जोड्या आल्या, पण साहेबांची अट होती: मावशीला आत घ्यायचं नाही.

बायका फाटकातच अडल्या. मावशींनी एकेकीला पाठीला हात लावून आत लोटलं. "जावा गं. मोजं आलं न्हवं?"

त्या राजुरीच्या जीपकडं वळल्या. सातवी जोडी घेऊन मी मागं धावलो. माझ्या आयुष्यातलं तेवढंच बंड.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," त्या जीपमध्ये चढत म्हणाल्या. "माझ्या जागी जी यील, तिला लागतील."

जीप हलली.