कडू दाण्यांची वाटी

मावशी गेल्याची बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. शिपाई दारात येऊन सरांशी हळू आवाजात काहीतरी बोलला, सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यावरूनच मला कळलं. बसची वाट न पाहता मी चालतच निघाले. लालबागच्या चाळीत पोचले तेव्हा मावशीला हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. जिन्याखाली दोन बायका बोलत उभ्या होत्या. एक म्हणाली, "लिव्हर गेलं म्हणे." दुसरी म्हणाली, "बाईमाणूस असून? सगळा वावर गड्यांत, घेत असेल थोडी." मला पाहून दोघी बाजूला सरकल्या. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले नाही... आज त्याला सहा आठवडे झाले. मला लेख लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि माझं लिहिणं जर्नलपुरतं. पण आमच्या गिरणगावात लिव्हर म्हटलं की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते, आणि माझ्या शेवंतीमावशीनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तिच्या लिव्हरचं काय झालं ते मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगावं, म्हणून हे लिहिते आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, मालवणकडची. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मग तिनं तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत खाणावळ सुरू केली. बायकामुलं गावाला ठेवून गिरणीत राबणारे वीसेक गडी आपापल्या पाळीप्रमाणे तिच्याकडे जेवायला येत. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचो, बाबाही गिरणीतच होते. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. संप लांबला, घरातला स्वयंपाक दिवसातून एकदाच व्हायला लागला, तेव्हा मावशी एक दिवस आली, माझे दोन फ्रॉक पिशवीत भरले आणि आईला म्हणाली, "हिका घेऊन जातंय. वीस पानांत एक पान माका जड जाऊचा नाय." आईनं नाही म्हटलं नाही. मी तेव्हापासून मावशीकडेच वाढले.

संपात निम्मे गडी गावाला निघून गेले. जे अधूनमधून परत येत, त्यांच्यात साताऱ्याकडचे ज्ञानूमामा होते. रिकाम्या हातानं यायचं त्यांना जमत नसे, म्हणून दर खेपेला घरच्या शेंगांचं पोतं खांद्यावर घालून आणत. इकडे नारळ परवडेनासा झाला होता, आणि नारळाशिवाय मावशीच्या हाताला चवच सुचत नसे. शेवटी वाटपाच्या जागी तिनं दाण्याचा कूट घालायला सुरुवात केली, पण कुरकुरत. "आता माका तुमच्यासारखी कुटाची आमटी करूक व्हयी," ती म्हणायची. ज्ञानूमामा भाकरी मोडत म्हणायचे, "नारळ काय, झाडावरनं आपसूक पडतोय. शेंग उपटून काढाय लागती. कष्टाचं खाणं हाय ते, मावशी." "म्हणानच तुमची आमटी घशात अडाकता," मावशी म्हणायची, आणि त्यांच्याच पानात आणखी एक डाव वाढायची.

ते पोतं मोरीच्या भिंतीला टेकून जमिनीवर असायचं, कारण दुसरी जागाच नव्हती. भिंत बारा महिने ओली. सगळ्यांची जेवणं आटोपली की दुपारी मावशी शेंगा फोडून दाणे सुपात घ्यायची आणि एकेक वेचायची. गोल, गुलाबी दाणे कुटासाठी. सुरकुतलेले, काळपट आणि ज्यांच्या दोन फाकांमध्ये हिरवट भुकटी असे, ते वेगळ्या वाटीत. "माणसां आधीच कावलेली आसत, त्यांच्या तोंडात कडू दाणो जाऊचो नाय," एवढंच तिचं म्हणणं. मग त्या वाटीतले दाणे ती तव्यावर खरपूस भाजायची, मीठ-तिखट लावायची आणि स्वतःच्या भाकरीबरोबर खायची. खोबरं खवट झालं तर भाजून घेतलं की चालतं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. दाण्याचंही तसंच असणार असं तिनं धरलं. कोकणातल्या बाईला शेंगांचं काय ठाऊक... आणि घाटावरच्या गड्यांना ही दुसरी वाटी कधी दिसलीच नाही.

मला मात्र दिसत होती. शाळेतून आले की मी तिच्या शेजारी बसायचे आणि त्याच वाटीत हात घालायचे. ती हातावर चापट मारायची, "तू बरे खा गो," म्हणून चांगले दाणे पुढे करायची, पण मला तिच्याच वाटीतले हवे असायचे. थोडे कडू, खारट, कुरकुरीत. दिवसभरात मावशी एकटी माझी असायची ती तेवढाच वेळ. बाकी दिवसभर ती साऱ्या गड्यांची मावशी होती.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी एकदा साठवणीच्या धान्यावरच्या बुरशीबद्दल शिकवलं. एका बशीत काही शेंगदाणे होते, फाका उघडलेले. आत तीच हिरवट भुकटी. सर सांगत होते की दमट जागी ठेवलेल्या दाण्यांवर ही धरते, हिचं विष भाजूनही पुरतं जात नाही, आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं की लिव्हरला बाधतं. सगळे लिहून घेत होते. मी पेन खाली ठेवलं. त्या दुपारी घरी आले तर मावशी वाटी घेऊन बसलेली. "ये गो," म्हणाली. मी भूक नाही म्हटलं.

मी तिला लगेच सांगितलं नाही. चार महिने सांगितलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसंच घडलं. जिनं मला भरवलं तिला तुझं खाणं चुकतं असं कोणत्या तोंडानं सांगणार, असं वाटायचं. आणि त्याहून मोठी भीती अशी, की त्या वाटीत माझाही हात होता, हे तिला आठवेल. मग मी लहान लहान लबाड्या करायचे. कधी वाटी पाण्यात सांडायचे, कधी वेचायला मीच बसायचे आणि वाईट दाणे कागदात बांधून वाटेतल्या कचऱ्यात टाकायचे. एका दुपारी माझ्या धक्क्यानं वाटी उलटली आणि मावशी खाली वाकून एकेक दाणा गोळा करायला लागली. तेव्हा मला राहवलं नाही.

"ते नको खाऊस मावशी. ती बुरशी आहे. लिव्हरला बाधते."

"कोण म्हणता?"

"कॉलेजात शिकवलं."

"भाजल्यार पण?"

"भाजूनही."

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. हातातल्या दाण्यांकडे पाहत तिनं विचारलं, "तू किती खाल्लंस?"

"मी कुठे... कधीतरी एखादा."

"खोटा बोलू नको. रोज माझ्या बाजूक बसान खायस तू."

दुसऱ्या दिवशी तिनं दुपारची खाणावळ बंद ठेवली. संपातही तिनं कधी तसं केलं नव्हतं. मला घेऊन परळच्या एका हॉस्पिटलात गेली, दोन तास रांगेत उभी राहिली आणि आत गेल्या गेल्या डॉक्टरांना म्हणाली, "हिचा रक्त तपासा. लहानपणी सडके दाणे खाल्ल्यान हिना." डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग तिच्याकडे बघत राहिले. "मुलीचं करू आपण," ते म्हणाले, "आधी तुम्ही इकडे उजेडात या."

माझं रक्त ठीक निघालं. तिचं नाही. डोळ्यांतला पिवळेपणा मी रोज बघत होते आणि तो मला दिसला नव्हता. डॉक्टरांनी दारूबद्दल विचारलं, सगळ्यांना विचारतात तसं. मावशी म्हणाली, "माझ्या गड्यांका विचारा. पिऊन इललो माणूस माझ्या उंबऱ्यावरून परत जाय." त्यांनी पुढे बरंच विचारलं. लहानपणी कावीळ झाली होती का, तांदळाला कीड लागू नये म्हणून काय घालता, पाणी कशात साठवता. मग म्हणाले की नेमकं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही, जुनं दुखणं असेल, दाणे असतील, बाकीचंही असेल. जे बिघडलं ते बिघडलं, पण राहिलेल्या लिव्हरवर आणखी ओझं टाकू नका.

मग आम्ही दोघींनी खोली बदलायला घेतली. तांदळात ती कसलीशी पांढरी पावडर मिसळायची, ती बंद केली आणि कडुनिंबाचा पाला घातला. पिण्याच्या पाण्याचं पिंप कोणीतरी कौतुकानं गिरणीच्या रंगखात्यातून आणून दिलेलं होतं. कितीही घासलं तरी त्याला वास यायचा. ते काढून टाकलं आणि दोन हंडे ठेवले. स्टोव्हजवळची खिडकी फळ्या ठोकून बंद केलेली होती, ती हवा खेळावी म्हणून ज्ञानूमामांनी उघडली. पोत्याखाली लाकडी फळी आली, आणि रविवारी गडी शेंगा गच्चीवर वाळवायला नेऊ लागले. तोवर गडी सात-आठच उरले होते. बाकीच्यांच्या गिरण्या पुन्हा कधी उघडल्याच नाहीत.

अडलं ते एकाच ठिकाणी. वाईट दाणे टाकायचे कुठे? मावशी म्हणाली, "कबुतरांक घालू?" मी म्हटलं, नको, पाखरांनाही बाधतं. "मगे गायीक?" तिलाही नको, दुधात उतरतं. "मगे टाकू खंय गो? कचऱ्यात टाकलंय तर कोणतरी येचून खातला. संपात बघलंय मी." मी वैतागून म्हटलं, "टाक गं कुठेतरी, पण खाऊ नकोस." ती "बरा" म्हणाली.

त्यानंतर वर्षभर ती बरी होती. मग पोटात पाणी व्हायला लागलं. मला संशय यायचा की ती अजून लपून खाते. अन्न टाकणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं, मग आताच कसं जमेल? शेवटच्या आठवड्यात, वॉर्डात तिचे पाय चेपत असताना मी विचारलंच. विचारताना माझा आवाज चढला होता. "खरं सांग, खात होतीस ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "नाय गो," म्हणाली. मी पाय चेपत राहिले. मला ते पटलेलं नाही, हे तिला दिसलं असणार... ती मग भिंतीकडे तोंड करून निजली.

तेराव्यानंतर खोली आवरायला मी आणि ज्ञानूमामा गेलो. माळ्यावर अगदी आत, भिंतीला लागून, बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. झाकण साडीच्या काठानं आवळून बांधलेलं. उघडला तर काठोकाठ दाणे. काळपट, सुरकुतलेले, हिरव्या भुकटीचे. वर्ष-दीड वर्षाचे सगळे. एकही तिनं खाल्ला नव्हता, एकही टाकला नव्हता. ज्ञानूमामांनी वाकून एक दाणा उचलला. "हे आमच्या शेतातलंच," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "दे हिकडं पोरी, टाकून येतो." मी विचारलं, "कुठे, मामा?" त्यांनी खिडकीतून बाहेर रस्त्याकडे पाहिलं, आणि डब्याशेजारी खाली बसले.

डबा आता वरळीला आमच्या घरी आहे, वरच्या फळीवर, कोणाचा हात पोचणार नाही असा. कॉलेजात असं सगळं जाळून टाकायची सोय आहे, सर परवा म्हणाले, कधीही घेऊन ये. मी रोज सकाळी तो डबा पिशवीत घालते, दारापर्यंत जाते, आणि परत येऊन फळीवर ठेवते. उद्या नेईन म्हणते...