हिरकणी कक्षाची किल्ली

भाषण म्हणाल तर मी झोपेतून उठूनही देईन. लेकुरवाळ्या पोरींनी शिकलंच पाहिजे, कॉलेजानं त्यांची सोय केलीच पाहिजे, हे आष्टीपासून उमापूरपर्यंत इतक्यांदा बोललेय की घरी माझी मुलं माझी नक्कल करतात. म्हणूनच हे लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

अंबाजोगाईला मी शिकवते त्या कॉलेजात भांडून भांडून एक खोली मिळवली. आधी तिथं खेळाचं मोडकं सामान पडलेलं असायचं. पाळणा आणला, पडदे शिवून घेतले, चटई टाकली, दारावर पाटी लावली: हिरकणी कक्ष. लेकराला पाजायला आडोसा हवा, एवढीच त्यामागची गोष्ट.

ती खोली सगळ्यात जास्त वापरायची शेवटच्या वर्षाची एक मुलगी. नवरा ऊसतोडीला जायचा. तोडीला माणूस एकटा जात नाही, जोडीनं जातो. त्या जोडीलाच आमच्याकडं कोयता म्हणतात. ही शिकत बसली तर नवऱ्याचा कोयता अर्धाच. मग सासूनंच वाट काढली. "हिची परीक्षा होऊ द्या. औंदा लेकासंगं मी जाते," म्हणाली. साठीला टेकलेली बाई! तिचं कौतुक मी किती भाषणांत केलं असेल.

दिवाळीच्या तोंडावर तोंडी परीक्षा होती. सासू सात महिन्यांच्या नातवाला घेऊन सोबत आली. नेमके त्याच दिवशी खोली बघायला वरचे साहेब येणार होते. मी आदल्या दिवशी फरशी पुसून घेतली, नवी चादर घातली, दाराला फुलांचं तोरण बांधलं आणि कुलूप घालून किल्ली पर्समध्ये टाकली. कुणी घाण करू नये म्हणून. काय अक्कल! कुणी म्हणजे कोण? लेकरंच ना?

अकराच्या सुमारास ती धावत आली. पोरगं भुकेनं कळवळत होतं.

"मॅडम, किल्ली देता का? माझा नंबर यायच्या आत पाजून घेते."

"थांब गं जरा. साहेब येऊन जाऊ दे. चादर चुरगळेल."

चादर चुरगळेल! हे मी बोलले, माझ्याच तोंडानं.

"बरं," म्हणाली आणि गेली.

पुढचं शिपायानं मला दुपारी सांगितलं. ती सायकल स्टँडच्या मागं ओढणी घेऊन बसली. तिथं टवाळ पोरांचं टोळकं होतं. हसले, काहीबाही बोलले. सासूनं ते ऐकलं, सुनेला उठवलं आणि "चल, लई झालं शिक्षण," म्हणत हाताला धरून घेऊन गेली. तोंडी परीक्षेला तिचं नाव पुकारलं तेव्हा मी फाटकापाशी हार घेऊन उभी होते.

दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांच्या हातापाया पडले आणि तिची तोंडी पुन्हा घ्यायची परवानगी मिळवली. पण तिच्या गावी जायला मला चार दिवस लागले. सगळ्यांना सांगितलं, कामं होती. कसली कामं! तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

गेले तेव्हा दारात ट्रक उभा. भांडी, सरपण, कोंबड्यांची डालगी वर चढत होती. सासू ओसरीवर नुसती बसून होती.

"मावशी, परवानगी आणलीय. एक दिवस पाठवा हिला. चूक माझी आहे."

"बाई, दोन दिस आदी आला असता तर इचार केला असता," ती म्हणाली. "काल मुकादमाला माझ्या जागी हिचं नाव सांगून बसले. आता फिरवता येत न्हाई. तुमी आदीच का आला न्हाईत?"

मी मुलीकडं पाहिलं. ती पोराला टोपडं बांधत होती. रागावली असती, दोन शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

"मॅडम, साहेबांना आवडली का हो खोली?"

अगदी मनापासून विचारत होती.

"आलेच नाहीत गं," मी म्हणाले.

तिनं टोपड्याची गाठ मारली. मग पोराला वर नवऱ्याच्या हातात दिलं, चाकावर पाय ठेवला आणि ट्रकात चढली. किल्ली त्या दिवशीही माझ्या पर्समध्येच होती. एवढ्या दिवसांत खोली उघडायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.