गच्चीवरची पात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत्ता तुम्हाला सांगतोय — हसू नका.

नाशिकला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी बारमाही पातीचा कांदा लावतो. पात कापायची, कंद मातीतच राहू द्यायचा, तो फुटत राहतो. गड्डा दाटला की उपटायचा, कंद सुटे करायचे, नव्या कुंडीत लावायचे. मी मूळचा नामपूरचा, कांद्याच्या बाजाराच्या गावचा. कांद्यातलं मला नाही कळणार तर कुणाला? — असा माझा तोरा. अख्ख्या बिल्डिंगला कंद वाटायचो.

शेजारच्या वैशालीलाही कुंडी लावून दिली, तिथंच गच्चीवर. पुढं एकदा तिच्या सासूबाईंनी पिठल्याबरोबर ती पात कच्चीच खाल्ली, कंदासकट. तासाभरात उलट्या. थांबेचनात. दवाखान्यात मीही धावलो. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं? — आणि मला एकदम आठवलं. वैशालीच्या कुंडीसाठी गड्डे फोडले त्या दिवशी मी बाजूच्या कुंडीतली लिलीसुद्धा उपटली होती. दोन्ही ढीग एकाच पेपरवर, डोळ्यांना चष्मा नाही. फुलं नसली की पात सारखीच दिसते हो! आणि लिलीचा कंद विषारी.

बोललो का मी? नाही. आजी गेल्या तर? पोलीस आले तर? आणि — लाज वाटते — नामपूरच्या माणसाला कांदा ओळखेना असं लोक म्हणतील, याचीही तेवढीच भीती. घरी आलो, गच्चीवर गेलो आणि वैशालीची कुंडी उपसून सगळं कचऱ्यात टाकलं.

आजी वाचल्या. ठपका आला स्वयंपाकाच्या अलकाबाईंवर. पेठ तालुक्याकडची बाई, सहा वर्षं त्या घरात राबलेली. भाजी नीट धुतली नाही म्हणे. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, धुतली व्हती ओ मी. पण त्या पातीला वासच नव्हता. काकांना इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "कुंडीतल्या पातीला नसतोच वास."

खोटं. साफ खोटं बोललो मी!

त्यांनी वाद घातला नाही. "असंल काका, तुमाला जास्त कळतं," म्हणाल्या, चपला घातल्या आणि गेल्या. काम सुटलं ते सुटलंच.

बेल वाजली की अजून दचकतो — त्याच आल्या असतील का? वैशाली भिंतीपलीकडेच राहते. सांगायला दहा पावलं लागतील. मी गेलेलो नाही.