कार्डात नसलेलं वाक्य

तेव्हा आम्ही लालबागला चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. दुपारी कामं आवरली की बायका सुपं घेऊन जिन्याच्या तोंडाशी निवडायला बसत. तिथं गिरगावातून एक शिकलेल्या बाई येऊ लागल्या. रस्त्यावरच्या मुक्या जनावरांचे हाल थांबावेत म्हणून त्या चाळीचाळीतून फिरत. म्हणायच्या, "बैलाच्या मानेवर जखम दिसली, घोडा लंगडताना दिसला, की मला एक कार्ड टाका. पुढचं मी बघते."

"बाई, आमचे घोव पण बैलच, तेंचा कार्ड खंय टाकूचा?" एकीने नवऱ्यांवर घसरत विचारलं. बाईही हसल्या. पण कोरी कार्डं कुणाजवळ ठेवायची म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चौथीपर्यंत शिकलेली मीच होते.

मला चार माणसांत बोलता येत नसे. अजून येत नाही. लिहायला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून मी हो म्हटलं.

आमच्या नळावर एक खटारेवाला बैलाला पाणी पाजायला थांबे. साताऱ्याकडचा होता. एका बैलाचा खटारा, वर कापसाच्या गाठी. जू घासून बैलाच्या मानेवर वीतभर जखम झाली होती. तो तिच्यावर हळद-तेल लावी आणि पुन्हा जू ठेवी. मी कार्ड टाकलं. आठवड्याने बाईंचं उत्तर आलं: सोमवारी सकाळी बैलाला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात आणायला सांगा, मी तिथे असेन, बरा होईपर्यंत ठेवून घेतील.

नळावर दुसरं कुणी नाही असं बघून मी त्याला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्यो तिथं ठिवला तर खटाऱ्याला मी काय सोताला जुंपू?"

हा जाणार नाही, असं मला दिसलं. मग मी कार्डाकडे बघत माझ्या मनचं एक वाक्य जोडलं. "सोमवार चुकला तर पोलीस येतील, असं लिहिलंय." जन्मात कुणाला दटावलं असेन ते तेवढंच. त्याला वाचता येत नव्हतं. चेहरा उतरला. "येतो म्हनावं," म्हणाला.

रविवारी संध्याकाळी चाळीच्या फळ्यावर हरताळ लिहून आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी दुसऱ्या दिवशी गिरण्या, दुकानं, गाड्या, सगळं बंद. आम्हालाही महाराष्ट्र हवाच होता. खटारेवाल्याची आठवण झाली नाही असं नाही. पण आजारी बैलाला कोण अडवतंय, असं वाटलं.

सकाळी तो आला, आणि खटारा जुंपूनच. खटारा रिकामा, जुवाखाली ओलं गोणपाट. खाली माणसांनी त्याला घेरलं.

"काय रे, हरताळ ठाऊक नाही?"

"दवाखान्यात चाललोय. बैल दुखावलाय."

"दुखावलाय आणि जुंपलायस?"

"मोकळा पाऊल टाकत न्हाई वो त्यो. सवयच न्हाई."

"ऐका. शेटचा माल आणायला चालला असेल."

"कार्ड आलंय मला, कार्ड," तो म्हणत राहिला आणि वर गॅलरीकडे बघू लागला.

कार्ड माझ्या ट्रंकेत होतं. मी गॅलरीत होते, शेजारी सासरे, दीर, मजल्यावरचे सगळे पुरुष. सुनेने गॅलरीतून रस्त्यावर हाक मारायची नाही, अशी आमच्याकडची रीत. मी सासूबाईंच्या कानाशी म्हटलं, "तो खरं सांगतोय."

"गप रव गो. तुका काय ठावक?"

रीतीला तरी किती दोष देऊ? हाक माझ्या घशापर्यंतही आली नव्हती.

त्यांना रस्ता अडवायला काहीतरी हवंच होतं. बैल सोडायचीही वाट न बघता त्यांनी खटारा आडवा केला. बैल दांड्यांत अडकून खाली आला, पुढचा पाय अंगाखाली मुडपला. मग पोलिसांची गाडी आली, धूर झाला, माणसं पांगली. खटारेवाला बैलापाशी बसून दोऱ्या सोडत होता, त्यालाच धरून नेलं. सासऱ्यांनी दारं लावून घेतली. खिडकीच्या फटीतून बैलाची मान उचललेली दिसे, मग पडलेली, मग पुन्हा उचललेली. मी कळशी भरून दाराशी ठेवली होती. दुपारी लॉरी येऊन बैलाला घेऊन गेली, तेव्हाही कळशी भरलेलीच होती.

बऱ्याच दिवसांनी तो नळावर आला, एकटाच. म्हणाला, "त्या बाईंना लिव्हा, बैल ऱ्हायला न्हाई. आता पोलीस धाडू नका. पर सोमवार चुकवला नव्हता, हे पयलं लिव्हा."

पोलिसांचं मीच सांगितलं होतं, कार्डात नव्हतं, एवढं सांगायला मला तोंड उघडावं लागलं असतं. वर जाऊन एक कोरं कार्ड आणलं. नळाच्या कट्ट्यावर बसून त्याच्यासमोर पहिली ओळ लिहिली: सोमवार चुकवला नव्हता.

त्याने ती मला दोनदा वाचायला लावली.