डब्यात वर येणारा फोटो

असल्या गोष्टी मी आजवर हसण्यावारी नेल्या आहेत. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, संशय घेणं हीच नोकरी. पण यावेळी संशय घेऊन घेऊन थकलो… म्हणून लिहितोय.

कात्रजला आमचा फ्लॅट. मी, बायको प्राजक्ता आणि बाबा. पावसाळ्यानंतर जुन्या अल्बमना कुबट वास यायला लागला. फोटो चिकट पानांना घट्ट बसलेले. दात साफ करायचा दोरा मागून सरकवून एकेक सोडवला, मध्ये बटर पेपर, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या… आणि सगळं कडीच्या स्टीलच्या डब्यात भरून कपाटात ठेवलं.

रविवारी डबा उघडला, तर सगळ्यात वर एका मुलीचा फोटो. दोन वेण्या, हातात सायकल. असा फोटो मी ठेवल्याचं आठवेना.

"सुमन," बाबा म्हणाले. माझी आत्या. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून घरात तिचं नाव निघत नसे. मी तिला पाहिलंही नव्हतं.

"कुठून करून आणलास हा?"

"मी कशाला आणू? तुम्हीच ठेवला असेल."

"मला दुसरे उद्योग नाहीत?"

मी तो तळाशी घातला. पुन्हा उघडलं, तर वर! मला बाबांचा संशय, बाबांना माझा, आणि दोघांनाही प्राजक्ताचा. "अहो बाबा, मला त्यांचं नावसुद्धा आत्ता कळलं," ती वैतागली. मग डब्याला कुलूप लावलं, सोमवारी किल्ली ती ऑफिसला घेऊन गेली. संध्याकाळी तिघांसमोर उघडला. फोटो वरच. बाकीचे कोरडे ठणठणीत, हा तेवढा ओलसर.

बाबा खुर्चीत बसले. "तिला फोन लाव."

नंबर चुलतकाकांकडून मिळवला. आत्या येरवड्यात राहत होती – इतकी वर्षं, याच शहरात!

दुसऱ्या दिवशी ती आली. "जय भीम, दादा," दारातूनच म्हणाली. बाबांनी नुसता फोटो पुढे केला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"दादा, हा तर तू माझ्यासमोर फाडलास. तुकडे पेटत्या बंबात घातलेस."

"हो," बाबा म्हणाले. "म्हणून तर याला विचारत होतो, कुठून आणलास."

दुसरी प्रत कधी नव्हतीच, असं दोघंही सांगतात. मी भिंग घेऊन पाहिलं – जोड नाही, डिंक नाही, घडीसुद्धा नाही.

आत्या आता येत-जात असते. फोटोचं मात्र मला अजून काहीही कळलेलं नाही. बाबांपाशी विषय काढला, तर म्हणतात, "तुला कळून काय करायचंय? आली ना ती."