काकांच्या कामावर दुसरी नजर

विमानाच्या हँगरमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत सगळ्यांना वाटलं, पोरगी आता विमानात बसून फिरणार. मी बहुतेक वेळ शिडीवर नाहीतर विमानाच्या पोटाखाली असते. तिथले सगळ्यांत अनुभवी इंजिनिअर म्हणजे आमचे शेजारीच. मी त्यांना काका म्हणते. या कामाचा नाद त्यांनीच मला लावला. शिफ्ट एक असली की त्यांच्याच गाडीतून मी जायचे. वाटेत ते आपल्या काटोलच्या संत्र्यांच्या बागेची काळजी करायचे आणि मी ऐकायचे.

आमच्याकडे इंजिनाला हात लागला की नियम असा, की एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने तपासणीची यादी हातात घेऊन ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मग दोघांच्या सह्या. माणूस चुकतो हे त्या यादीने गृहीतच धरलंय. आमच्या लोकांना मात्र ते धरवत नाही. घरातल्या मोठ्यांनी दार लावलं म्हटलं, तर पुन्हा उठून कडी बघायला आपल्याकडे कोण जातं? तीच सवय हँगरमध्ये आलेली. काकांनी केलं म्हणजे झालं. बाकीचे त्यांच्यामागे यादी आरतीसारखी भरभर म्हणायचे आणि सही करून मोकळे व्हायचे.

मला ते जमेना. माझा स्वभावच शंकेखोर. गॅस बंद केलाय का हे मी दोनदा बघते आणि आई हसते. गेल्या हिवाळ्यात काकांनी एका इंजिनात तेल भरलं, आणि सहीआधी मी टाकीचं झाकण बघायला शिडी चढू लागले. आजूबाजूला माणसं होती. काका खालून म्हणाले, "मी लावलं ना वं. आता तू माही परीक्षा घेऊन राहिली काय?"

झाकण घट्ट होतं. मी उतरून सही केली. त्या संध्याकाळी गाडीत काका एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणे लवकर निघायचं होतं, म्हणून मी बसने गेले. मग रोजच बस. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. आई म्हणाली, मोठ्या माणसाचं मन राखलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या दिवशी खरंच काही बिघडलं नसतं.

उन्हाळा लागताना पुन्हा आमची जोडी लागली. काका तेल भरत असतानाच त्यांना शेजारच्या विमानाकडे बोलावणं आलं. ते जाऊन आले, इंजिनाकडे एक नजर टाकली आणि झालं म्हणाले. मी यादी घेऊन उभी. खरं सांगते, पेन कागदावर टेकलं होतं. अबोला मिटवायची आयती संधी होती आणि मला ती हवी होती. तरी शेवटी मी शिडी चढले. झाकण जागेवर होतं, पण त्याचा खटका उघडाच होता. तसंच विमान उडालं असतं, तर तेल गळून इंजिन आकाशातच बंद करायची वेळ आली असती.

मी काकांना वर बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या हाताने खटका लावला. तेवढ्यावर भागलं असतं, तिसऱ्या कुणाला काही कळलं नव्हतं. पण काका सरळ साहेबांकडे गेले आणि आपली चूक सांगून आले. त्यांचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. तो परत हवा असेल तर पुन्हा परीक्षा, तीही निवृत्ती तोंडावर आलेली असताना. त्यांचा चेहरा मला बघवेना.

शिफ्ट सुटली तेव्हा ते गाडीपाशी माझ्यासाठी थांबले होते. मी बसले. काकांनी गाडी काढली. मला वाटलं, आता हे मला बोलणार, आणि बोलले असते तर मी ऐकूनही घेतलं असतं.

"तू चढली त्याचं मले काही नाही," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तुहं कामच हाय ते. पण त्याच्या आधी तू पेन टेकवून उभी होती. मी पाह्यलं. माह्या रागाले भिऊन तू सही करून राहिली होती. झाकणाची चूक साहेबाले सांगितली. ही माही चूक कोणाले सांगू?"

तसं नव्हतं, असं मला म्हणायचं होतं. पण पेन खरंच टेकलं होतं.